जिंकतात तरी रडता कशाला? आयोवाच्या ऑफेन्सबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा सीझन सुरू झाला एवढी एक ओळ काय लिहिली, आयोवातून मेलवर मेल. सीडर रॅपिड्स, डे मॉईन, आयोवा सिटी, आणि पोरं तिकडे शिकायला पाठवून इकडे रात्री जागणारे पुणे-नाशिकचे आईबाबा पण. सगळ्यांचं दुखणं एकच, युनिव्हर्सिटी ऑफ आयोवाची टीम म्हणजे हॉकाइज, आणि त्यांचा ऑफेन्स, म्हणजे बॉल घेऊन पुढे जाणारी, पॉइंट करणारी बाजू (समोरच्यांना अडवते ती डिफेन्स). म्हणून यावेळचं सदर अख्खं त्यालाच दिलंय. कबड्डीवाल्यांनी राग मानू नये, पुढच्या अंकात तुमचा नंबर नक्की.

प्रश्न : सर, मी सीडर रॅपिड्सला नोकरी करतो, इथे येऊन फार दिवस झाले नाहीत. ऑफिसमधले लोक २०२३ च्या सीझनचा विषय निघाला की अक्षरशः शिव्या घालतात, मी गुगल केलं तर त्या वर्षी टीम १० मॅचेस जिंकलेली! ४ फक्त हरले. जिंकले ना? मग रडतात कशाला? – बुचकळ्यात पडलेला, सीडर रॅपिड्स

उत्तर : भाऊ, तुम्ही जिंकले-हरलेचा कॉलम बघितला, आता त्याच्या शेजारचा पॉइंट्सचा कॉलम बघा. १४ मॅचेसमध्ये आयोवाने केले २१६ पॉइंट आणि दिले २०७. अख्ख्या सीझनचा फरक ९ पॉइंट, आणि त्यात १० मॅचेस खिशात! मॅचमागे सरासरी १५.४. देशात वरच्या डिव्हिजनला तेव्हा १३३ टीम्स होत्या, त्यात यार्ड्सच्या हिशोबाने, म्हणजे बॉल घेऊन किती पुढे सरकले त्यात, आयोवाचा ऑफेन्स १३३ वा. म्हणजे खालून पहिला. पेन स्टेटकडून ३१-० खाल्ले, त्या मॅचला पूर्ण ऑफेन्स मिळून ७६ यार्ड्स आणि ४ फर्स्ट डाऊन (दहा यार्ड सरकलं की मिळतो तो). मग बिग टेनच्या (आयोवा खेळते त्या लीगच्या) फायनलला मिशिगनकडून २६-०, आणि नंतर सिट्रस बोलला (बोल म्हणजे सीझनअखेरची खास मॅच) टेनेसीकडून ३५-०. सीझनच्या शेवटच्या दोन्ही मॅचेसमध्ये भोपळा.

आता दुसरी बाजू. डिफेन्स देशातल्या सगळ्यात भारी डिफेन्सेसपैकी एक, मॅचमागे १५ च्या आत पॉइंट द्यायचे. डिफेन्सचे कोच फिल पार्कर यांना त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचचं ब्रॉइल्स अवॉर्ड मिळालं. लोकांचा राग इथून सुरू होतो हो. टीम टुकार असती तर लोक दोन वर्षं बोंबलले असते आणि मग सवय झाली असती. पण अर्धी टीम देशात टॉपला आणि अर्धी तळाला, म्हणजे दर शनिवारी डोळ्यासमोर दिसतंय की ऑफेन्स नुसता बरा, अगदी मध्यम जरी असता तरी ही टीम कुठल्या कुठे गेली असती. बॉलरनेच दहा विकेट काढायच्या आणि वर बॅटिंगला येऊन रन्स पण त्यानेच करायचे, असं किती दिवस चालणार?

हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, खरंच तसं झालंय. २०२२ ची पहिली मॅच घ्या, साउथ डकोटा स्टेटविरुद्ध, म्हणजे खालच्या डिव्हिजनची टीम, घरच्या मैदानावर. आयोवा जिंकले ७-३. ज्यांना या खेळाचं काहीच माहीत नाही त्यांना वाटेल एक टचडाऊन (बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये नेला की ६) आणि वरचा एक पॉइंट, झाले सात. नाही! एक फील्ड गोल (लाथ मारून बॉल गोलपोस्टच्या मधून घालवणं), त्याचे ३. आणि दोन सेफ्टी. सेफ्टी म्हणजे समोरची टीम बॉल घेऊन स्वतःच्याच एंड झोनमध्ये पकडली गेली की आपल्याला २ पॉइंट, आणि हे काम डिफेन्सचं. म्हणजे सातातले चार पॉइंट डिफेन्सने केले. ऑफेन्सचे यार्ड्स १६६. त्या दिवशी लोक जिंकून घरी जाताना एकमेकांकडे बघत होते की आता याच्यावर टाळ्या वाजवायच्या का काय करायचं. तुमच्या ऑफिसमधले लोक तिथे अडकलेत अजून.

प्रश्न : नमस्कार दादा, मी मूळची पुण्याची, आयोवा सिटीत मास्टर्स करते. माझे सीनिअर्स सांगतात की काही वर्षांपूर्वी इथल्या किनिक स्टेडियममध्ये पंटरला टचडाऊनपेक्षा जास्त टाळ्या पडायच्या. चेष्टा करायचे का त्याची? मला तर पंट म्हणजे हार मानणं असं शिकवलंय. – गोंधळलेली, आयोवा सिटी

उत्तर : चेष्टाही आणि मनापासूनही, दोन्ही एकदम. ताई, आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, तीन प्रयत्नांत जमलं नाही तर बहुतेक वेळा चौथ्याला बॉल लांब लाथाडून समोरच्याच्या ताब्यात देतात, तो पंट. त्यामुळे तुला शिकवलंय ते बरोबरच आहे, पंटर जितका मैदानावर येईल तितकं आपल्या ऑफेन्सचं वाजलेलं.

पण टोरी टेलर हा माणूसच वेगळा होता. मेलबर्नचा पोरगा, ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळत वाढलेला, बॉल असा मारायचा की समोरच्या टीमला त्यांच्या एंड झोनच्या तोंडाशी, पाच-दहा यार्डांवर उभं करायचा. मग पार्करचा डिफेन्स त्यांना तिथून हलू द्यायचा नाही. आयोवाचा सगळा प्लॅन याच्यावरच उभा होता, वरच्या त्या दोन सेफ्टी पण टेलरच्या पंट्समुळेच. २०२३ ला त्याने ९३ पंट मारले, ४,४७९ यार्ड्स, एका सीझनमधला एनसीएए (कॉलेज खेळांची संस्था) रेकॉर्ड, १९३८ पासूनचा मोडला. आणि आयोवाच्या ऑफेन्सने त्याच सीझनमध्ये, धावून आणि पास करून सगळं मिळून, साधारण ३,३०० यार्ड्स काढले. एका माणसाचा पाय अकरा जणांपेक्षा हजारभर यार्ड पुढे!

तो सर्वोत्तम पंटरचं रे गाय अवॉर्ड जिंकला आणि २०२४ ला एनएफएलच्या, म्हणजे प्रोफेशनल लीगच्या, खेळाडू-निवडीत शिकागो बेअर्सने त्याला चौथ्या राउंडला घेतलं, पंटरला एवढ्या वर कोणी सहसा घेत नाही. 'पंटिंग इज विनिंग' लिहिलेले टीशर्ट पण निघाले होते त्याच्या नावाने. आणि एक गोष्ट तुम्हा मुलांना पटकन कळेल, तो पण तुमच्यासारखाच एफ-वन स्टुडंट व्हिसावर, त्यामुळे बाकीचे खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमवत असताना याला काही घेता येईना, टीशर्टचे पैसे चॅरिटीला गेले.

प्रश्न : मुलाला ऑफेन्सचा कोच बापाने केलं असं ऐकलं. आपल्याकडे घराणेशाहीला नावं ठेवतात, मग तिथे सरकारी युनिव्हर्सिटीत हे चालतं कसं? – निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : गुरुजी, कागदोपत्री सगळं व्यवस्थित करून चालतं, कोल्हापुरात राहून तुम्हाला हे मी काय सांगणार! कर्क फेरेन्ट्झ १९९९ च्या सीझनपासून हेड कोच. मुलगा ब्रायन २०१७ ला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्सचा कोच, झाला. नात्यातल्या माणसाने नात्यातल्या माणसाचा बॉस असू नये असा नियम, म्हणून कागदावर ब्रायनचा साहेब कोण, तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचे प्रमुख) गॅरी बार्टा. म्हणजे रोज मैदानावर बापाच्या शेजारी उभा, बापाच्या टीममध्ये, बापाच्या पद्धतीचा खेळ, आणि अप्रेझल मात्र दुसरा माणूस करणार. आता तो दुसरा माणूस वीस-पंचवीस वर्षं टिकलेल्या, वर्षाला ७० लाख डॉलरच्या आसपास पगार घेणाऱ्या कोचला जाऊन सांगणार का की तुमच्या पोराला काढतो म्हणून? नाही सांगितलं.

पण माझं मत विचाराल तर लोकांनी ब्रायनला जरा जास्तच झोडपलं. खेळ बापाचाच होता. चुका करायच्या नाहीत, रिस्क घ्यायची नाही, पंट करा, समोरच्याला चुकू द्या, १३-१० ने जिंका आणि घरी जा. त्यातलं गणित चुकीचं नाही, २०२३ च्या १० मॅचेस त्याच गणिताने आल्या. फक्त ते गणित तुम्हाला एका उंचीपर्यंतच नेतं, आणि वर मिशिगन भेटली की २६-०. हे कर्करावांना आयुष्यभर पटलं नाही, पोराला कुठून पटणार.

प्रश्न : मी ठाण्यात एचआरमध्ये आहे. माझ्या भावाने (तो डे मॉईनला असतो) सांगितलं की कोचच्या काँट्रॅक्टमध्येच लिहिलेलं, मॅचला २५ पॉइंट करा नाहीतर नोकरी गेली. हे खरं का? असं केपीआय आम्ही सेल्सवाल्यांना पण देत नाही! – एचआर मॅडम, ठाणे

उत्तर : शंभर टक्के खरं मॅडम, आणि तुमच्या ट्रेनिंगमध्ये उदाहरण म्हणून वापरा, वाईट केपीआय कसा असतो त्याचं. २०२२ ला टीमची सरासरी १७.७ होती, लोक पेटलेले, तर फेब्रुवारी २०२३ ला बार्टांनी ब्रायनचा पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख केला आणि अट घातली, सरासरी २५ पॉइंट आणि किमान ७ विजय, तरच काँट्रॅक्ट पुढे.

आता गंमत बघा, पॉइंट कोणी केले हे धरलंच नव्हतं! डिफेन्सने इंटरसेप्शन घेऊन (समोरच्याचा पास मध्येच पकडून) टचडाऊन केला तरी ते ऑफेन्सच्या कोचच्या खात्यात. २०२२ चा म्युझिक सिटी बोल आठवा, केंटकीला २१-० हरवलं त्यात दोन टचडाऊन डिफेन्सचे, असे पॉइंट पण चालणार होते. फॅन्सनी लगेच १३ मॅचेस गुणिले २५ करून ३२५ चा आकडा काढला, त्याला नाव दिलं 'ड्राइव्ह फॉर थ्री ट्वेंटी फाइव्ह', आणि दर शनिवारी बेरीज सुरू. पहिलीच मॅच, युटा स्टेट, २४-१४ ने जिंकले. एक पॉइंट कमी! लोक जिंकल्याचं विसरून त्या एका पॉइंटवर हसत बसले. टीमचा खेळ बघायचा सोडून एका माणसाच्या नोकरीची मोजणी करत बसायचं, आणि ती पण वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या जिवावर, हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं. प्रत्येक मॅचनंतर पत्रकार विचारणार, कोच चिडणार. बार्टा तर त्याच उन्हाळ्यात रिटायर होऊन मोकळे झाले.

प्रश्न : काका तुम्ही मिनेसोटाच्या मॅचबद्दल लिहाच, २०२३ ची, रेफरीने आमची मॅच चोरली, मी अजून तो व्हिडिओ बघतो आणि माझं डोकं फिरतं, डिजीनचा टचडाऊन होता तो, सगळ्या जगाने बघितला. – संतापलेला हॉकाय, डे मॉईन

उत्तर : बाळा, पाणी पी आधी. २१ ऑक्टोबर २०२३, किनिक स्टेडियम, मिनेसोटा १२, आयोवा १०, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला. मिनेसोटाने पंट केला, कूपर डिजीनने बॉल उचलला आणि ५४ यार्ड धावत सरळ टचडाऊन. स्टेडियम वेडं झालं. मग रिव्ह्यू. बॉल जमिनीवर उड्या मारत येत होता तेव्हा डिजीन उजव्या हाताने आपल्या लोकांना खुणावत होता आणि डावा हात कमरेच्या आसपास हलत होता, रेफरींनी ठरवलं की तो डावा हात म्हणजे चुकीच्या पद्धतीने केलेली फेअर कॅचची (मी बॉल घेऊन धावणार नाही, मला पाडू नका अशी) खूण, आणि तशी खूण केली की रिटर्न करता येत नाही, बॉल उचलला तिथेच डेड. टचडाऊन रद्द. नियमाच्या पुस्तकात बसतं ते, पण इतकं कडक कोणी लावतं का म्हणशील तर मी पण तुझ्याच बाजूने.

पण आता तू व्हिडिओ जिथे बंद करतोस ना, तिथून पुढे बघ. बॉल आयोवाकडेच होता! मैदानाच्या मध्याजवळ, फक्त एक फील्ड गोल हवा होता, म्हणजे वीसएक यार्ड पुढे सरकायचं बस. आणि क्वार्टरबॅक (पास फेकणारा) डीकन हिलने इंटरसेप्शन दिलं. मॅच खल्लास. चोरी झाली म्हणतोस तर चोरायला १० पॉइंटच होते रे घरात. १९९९ नंतर पहिल्यांदा मिनेसोटा किनिकला जिंकून गेली, वर फ्लॉइड ऑफ रोझडेल ही ट्रॉफी पण घेऊन गेली. (बाकीच्यांसाठी, फ्लॉइड म्हणजे ब्राँझचं डुक्कर आहे, १९३५ पासून दोन राज्यं त्याच्यासाठी भांडतात, यावर एक अख्खं सदर लिहिता येईल.) नऊ दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, नव्या हंगामी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की सीझननंतर ब्रायन नसेल. सीझनच्या मध्येच जाहीर केलं म्हणून कर्कराव नाराज, आणि ते त्यांनी लपवलं पण नाही.

प्रश्न : आमच्या घरी वाद आहे. मिस्टर म्हणतात खेळाडूच सुमार होते, कोच काय करणार. मला पटत नाही. निकाल द्या. – सौ., सीडर रॅपिड्स

उत्तर : वहिनी, मिस्टरांचा एक मुद्दा धरावा लागेल, २०२३ ला दुखापती फार. मिशिगनहून आणलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघा मोडून बाहेर, टाइट एंड (पास झेलणारा, अडवणारा पण) ल्यूक लॅची बाहेर, एरिक ऑल पण. पण तुमच्या बाजूने एकच नाव पुरेसं आहे, चार्ली जोन्स. २०२१ ला आयोवात होता, अख्ख्या सीझनमध्ये २१ कॅच. पुढच्या वर्षी पर्ड्यूला गेला, त्याच बिग टेनमध्ये, त्याच डिफेन्सेसविरुद्ध, ११० कॅच आणि १,३६१ यार्ड्स, कॅचेसमध्ये देशात पहिला. माणूस तोच, मैदानं तीच. असं एकदा झालं की चांगले रिसीव्हर (पास झेलणारे) कशाला येतील, आणि असलेले पण ट्रान्सफर पोर्टलचं, म्हणजे कॉलेज बदलायचं, दार उघडून निघाले. निकाल वहिनींच्या बाजूने, मिस्टरांनी भांडी घासावी.

प्रश्न : ब्रायन गेल्यावर काही फरक पडला का? मी वैतागून २०२३ नंतर बघायचंच सोडलं. – माजी फॅन, शिकागो

उत्तर : पडला, अर्धा. २०२४ ला ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आले आणि सरासरी १५.४ वरून २७.७ वर गेली. जी २५ ची फाशी ब्रायनच्या गळ्यात होती ती नव्या माणसाने पहिल्याच वर्षी ओलांडली, फॅन्सना काय वाटलं असेल कल्पना करा. केलब जॉन्सन १,५३७ यार्ड धावला, २१ टचडाऊन. पण मॅचेस? ८ जिंकले ५ हरले, १० वरून ८ वर! कारण पासिंग जिथे होतं तिथेच, तळाला, समोरच्याने धावणं अडवलं की झालं, परत पंटरला हाक.

२०२५ ला क्वार्टरबॅक आणला मार्क ग्रोनाउस्की, आणि हा कोण माहितेय का? त्या ७-३ च्या मॅचमध्ये साउथ डकोटा स्टेटचा जो क्वार्टरबॅक आयोवाच्या डिफेन्ससमोर हतबल झाला होता ना, तोच. नंतर त्यांना दोन नॅशनल चॅम्पियनशिप जिंकून दिल्या. सुरुवात मात्र ओळखीचीच झाली, ६ सप्टेंबरला त्याच राज्यातल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीकडून, आयोवा स्टेटकडून, १६-१३ ने हरले. पुढच्या आठवड्यात मॅसॅच्युसेट्सला ४७-७ ने धुतलं आणि सत्तर वर्षांच्या कर्करावांनी ओहायो स्टेटचे जुने कोच वुडी हेज यांचा बिग टेनमधल्या सर्वात जास्त विजयांचा रेकॉर्ड मोडला. त्यामुळे म्हातारा आपली पद्धत बदलेल अशी आशा ठेवू नका, रेकॉर्ड त्याच पद्धतीने झालाय. बघायला परत या, पण मोठ्या मॅचेस बघेपर्यंत मत बनवू नका.

प्रश्न : आयोवाच्या मॅचला कमी पॉइंट होणार यावर पैसे लावले तर चांगला धंदा आहे असं मित्र म्हणतो. खरं का? – एक वाचक

उत्तर : नाही. २०२३ च्या सीझनच्या शेवटाकडे दोन्ही टीम्सचे मिळून २५-३० च्या आसपास पॉइंट असे आकडे बुकी काढत होते, म्हणजे त्यांना तुमच्या मित्राच्या आधीच कळलेलं होतं. पुढचा प्रश्न.

प्रश्न : माझे सासू-सासरे सांगलीहून ऑक्टोबरमध्ये येतायत, मॅचला न्यावं का? त्यांना खेळ कळत नाही आणि ऑफेन्स असा रटाळ, कंटाळतील का? – सून, आयोवा सिटी

उत्तर : न्याच. ऑफेन्स चालत नाही तेव्हा सुद्धा ते स्टेडियम रिकामं नसतं, सत्तरएक हजार लोक, आणि पहिला क्वार्टर संपला की सगळे, दोन्ही टीम्सचे खेळाडू धरून, शेजारच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून वरच्या मजल्यावरच्या पेशंट मुलांना हात करतात. २०१७ पासून सुरू आहे, सासूबाईंना तेवढं जरी दाखवलंत तरी तिकीट वसूल. स्वेटर-मफलर द्या बरोबर, दुपारी ऊन असलं तरी संध्याकाळी हवा बोचते. सासऱ्यांनी स्कोअर का हलत नाही विचारलं तर सांगा की याच मैदानावर ऑक्टोबर २०२३ ला आयोवाच्याच केटलिन क्लार्कच्या महिला बास्केटबॉल टीमने उघड्यावर मॅच खेळून ५५ हजार लोकांसमोर ९४ पॉइंट केले होते, म्हणजे मैदानात दोष नाही.

प्रश्न : मुलगा पुढच्या वर्षी आयोवाला जातोय शिकायला. एवढा मनस्ताप असेल तर दुसरी कुठली टीम धरावी का त्याने? – आई, नाशिक

उत्तर : काकू, आयोवा सिटीत राहून दुसरी टीम धरली तर रूममेट मिळणार नाही त्याला. हॉकाइजच धरू द्या, स्टुडंट तिकीट काढू द्या, आणि शेजारच्या राज्यातल्या वैऱ्यांचा, नेब्रास्काचा, लाल टीशर्ट चुकूनही बॅगेत भरू नका.